किल्ल्या मोजायच्या, ठसे घ्यायचे नाहीत

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत: कंपनीचे पासवर्ड, एपीआय की, टोकन (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्या सेवेत शिरायच्या किल्ल्या) कुठे कुठे पडलेत ते शोधणारं सॉफ्टवेअर. त्यातली चार घेतो.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. ईआरपी करून देणारा मुलगा म्हणतो, सगळ्या कोडचं सिक्रेट स्कॅनिंग करून घ्या. पण पासवर्ड शोधणारं सॉफ्टवेअरच ते घेऊन गेलं तर? (बेळगाव)

तुमची शंका अगदी रास्त आहे. तिजोरीच्या किल्ल्या मोजायला माणूस बोलावला, तर त्याच्या खिशात किल्लीचा ठसा घ्यायला साबणाची वडी नाही ना, हे आधी बघायचं असतं.

गिटलीक्स हे ओपन सोर्स टूल तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. ते एकदा उतरवून घेतलं की नेटची केबल काढून ठेवा, तरी काम करतं. म्हणजे बाहेर काही जाण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. खरी गोम रिपोर्टमध्ये आहे. त्यात 'रिडॅक्ट' नावाचा पर्याय असतो. तो दिला नाही, तर सापडलेली प्रत्येक की रिपोर्टमध्ये अख्खीच्या अख्खी उतरते.

हे मी स्वतः पोळून शिकलोय. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात स्कॅन लावलं, तो पर्याय विसरलो आणि आलेली फाइल तशीच मालकांना मेल केली. त्यांनी कौतुकाने ती अकाउंटंटला पाठवली, पुण्यातल्या मुलालाही पाठवली. आधी किल्ल्या दहा ठिकाणी विखुरलेल्या होत्या, मी त्यांचा आयता जुडगा करून तीन इनबॉक्समध्ये टांगला! नंतर एकेक पासवर्ड बदलत बसलो, आणि त्या कामाचं बिल अर्थातच लावलं नाही.

रिडॅक्ट केलेल्या रिपोर्टमधली नोंद साधारण अशी दिसते: सेटिंग्जची फाइल, ओळ १४, प्रकार एडब्ल्यूएस (ॲमेझॉन क्लाउड) की, अमक्याने अमक्या तारखेला टाकली, आणि की असायची त्या जागी नुसतं 'रिडॅक्टेड'. दुरुस्तीला एवढं पुरतं. की काय आहे हे तपासणाऱ्याला कळण्याचं कारणच नाही.

ट्रफलहॉग हे दुसरं टूल एक पाऊल पुढे जातं. सापडलेली की त्या त्या सेवेकडे लावून बघतं आणि ती अजून चालू आहे की मेलेली, ते सांगतं. शंभर नोंदींतून कामाच्या चार निवडायला हे फार सोयीचं पडतं. पण यात की नेटवरून जाते, समोरच्या सेवेच्या लॉगमध्ये नोंदही होते. ही पडताळणी बंद ठेवता येते. पहिल्या दिवशी बंदच ठेवा. मालकांची परवानगी घेऊन मग चालू करा.

प्रश्न : कोडमधला डेटाबेसचा पासवर्ड काढून टाकला, नवीन कमिट (बदलाची नोंद) केलं. तरी स्कॅनर तोच दाखवतोय. टूलमध्ये बग आहे का? (निपाणी)

बग नाही. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, काहीच विसरत नाही. पाटी पुसली तरी जुनी प्रत इतिहासात असतेच, आणि स्कॅनर तोच इतिहास चाळतो. आधी पासवर्ड बदला. इतिहास साफ करायला गिट फिल्टर-रेपो हे टूल आहे, पण ज्यांनी आधीच क्लोन (पूर्ण प्रत) घेतलंय त्यांच्या लॅपटॉपवरून ते पुसलं जात नाही. बहुतेक जण उलट क्रमाने जातात: रात्रभर इतिहास घासत बसतात आणि जुना पासवर्ड तसाच चालू.

रेपो (कोड ठेवायची जागा) खाजगी आहे, असंही तुम्ही लिहिलंय. २०१६ मध्ये उबरच्या खाजगी गिटहब रेपोतच चोरांना ॲमेझॉन क्लाउडची किल्ली मिळाली आणि ५.७ कोटी लोकांची माहिती गेली.

प्रश्न : स्कॅन केलं, शून्य सापडलं. आता निश्चिंत? (चिकोडी)

इतक्यात नको. ही टूल्स दोन गोष्टी हुंगतात. एक, ठरावीक साचे: एडब्ल्यूएसची की 'एकेआयए' या चार अक्षरांनी सुरू होते, ती लगेच सापडते. दुसरं, 'पासवर्ड', 'टोकन', 'सिक्रेट' अशा शब्दांशेजारचा गिचमिड मजकूर. तुमच्या प्रोग्रामरने व्हेरिएबलला 'किल्ली' नाव दिलं असेल तर? कन्नडात कीली, आपल्यात किल्ली, स्कॅनरला दोन्ही अनोळखी. आणि पासवर्ड 'कुंदा@१२३' असेल तर तो पुरेसा गिचमिड नसतो, त्यामुळे निसटू शकतो. कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःचे नियम घालता येतात. प्रोग्रामरला शेजारी बसवा, तो कोणते शब्द वापरतो ते विचारा आणि ते घाला. मराठी-कन्नड मिसळून नावं देणारे आपल्या भागात कमी नाहीत.

प्रश्न : आमची छोटी सौहार्द सोसायटी. कोड वगैरे काही नाही, सगळे पासवर्ड एका एक्सेलमध्ये. ऑडिट कसं करायचं? (खानापूर)

तुम्हाला स्कॅनर नको, पासवर्डची पेटी हवी. कीपासएक्ससी फुकट आहे आणि फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. एक्सेल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून त्यात घ्या, मग रिपोर्टमधला हेल्थ चेक बघा. कुठला पासवर्ड कच्चा, कुठला दोन ठिकाणी तोच, याची यादी येते. यादीत खात्याचं नाव आणि कारण असतं, पासवर्ड नसतो.

तिथेच 'हॅव आय बीन पॉन्ड' ही ऑनलाइन तपासणी आहे. तुमचा पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीत आहे का, ते ती सांगते. पासवर्ड बाहेर जात नाही. त्याचा ४० अक्षरी हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेला ठसा) इथेच तयार होतो, त्यातली पहिली ५ अक्षरं फक्त जातात. तिकडून त्या पाचांनी सुरू होणारे शेकडो हॅश परत येतात आणि जुळवणी तुमच्याच मशीनवर होते. कुठला होता ते समोरच्याला कळत नाही.

सगळं झालं की एक्सेल आणि मधली सीएसव्ही दोन्ही उडवा, रिसायकल बिनमधूनही. आणि मॅनेजरसाहेबांच्या पेन ड्राइव्हवरची 'जुनी कॉपी' विसरू नका, ती असतेच.