सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या तासाला नियम कोणते असावेत?

तुम्ही यंदा प्रथमच सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणार आहात आणि पहिल्याच दिवशी वर्गाला कोणते नियम सांगावेत, वह्या, गुण, उशीर, प्रयोग यांबाबत कोणते धोरण ठेवावे, असे विचारले आहे. आपल्याकडे या इयत्तांना भौतिक विज्ञान असा वेगळा विषय नाही. ‘सामान्य विज्ञान’ या एकाच पुस्तकात बल व दाब, धाराविद्युत, उष्णता, ध्वनी, आम्ल व आम्लारी हे सारे येते आणि मी पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः या प्रकरणांच्या शिकवण्यावरून आहे. एका अनुदानित शाळेत हे काम मी बरीच वर्षे करतो आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मोठ्या तक्त्यावर सतरा नियम लिहून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावले होते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या तक्त्याचा एक कोपरा सुटून लोंबू लागला आणि ते मुलांच्याच काय, माझ्याही लक्षात आले नाही. त्याच वर्षी आठवीच्या वर्गात पाणी उकळण्याचा प्रयोग घेतला. आमचे गाव साधारण कोल्हापूरइतक्याच, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपासच्या उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. उंची तीनशे मीटर वाढली की उत्कलनांक साधारण एक अंशाने उतरतो, हा ढोबळ हिशेब तुम्हालाही माहीत असेलच. तापमापीतील पारा सगळ्या गटांत ९८च्या जवळ थांबला होता. तरीही वह्या तपासायला घेतल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येक वहीत ‘१००’ लिहिलेले होते, कारण पुस्तकात १०० आहे. आणि मी त्या सर्वांना पूर्ण गुण दिले. एका मुलाने ९८ लिहिले होते, त्याच्या आकड्याभोवती मी लाल शाईने गोल केला.

ती चूक माझ्या लक्षात यायला पुढचे वर्ष उजाडावे लागले, आणि तेव्हापासून माझ्या वर्गाचे पहिले धोरण एका वाक्याचे आहे: जे दिसले ते लिहायचे. निरीक्षण पुस्तकाशी जुळले नाही म्हणून एकही गुण जात नाही. मात्र न घेतलेले निरीक्षण लिहिले, किंवा शेजारच्या गटाचे उतरवले, तर त्या प्रयोगाचे गुण मिळत नाहीत आणि प्रयोग पुन्हा करावा लागतो. बाकीची बहुतेक धोरणे यातूनच निघतात. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान हा नेहमीचा क्रम असतो, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती असते. परंतु निरीक्षणाचे आकडे पेननेच आणि प्रयोग चालू असतानाच लिहायचे, चुकले तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, व्हाइटनर किंवा खोडरबर वापरायचा नाही, एवढा आग्रह मी धरतो. सुरुवातीला स्वच्छ अक्षराची सवय असलेल्या मुलींना याचा फार त्रास होतो. वही ‘घाण’ दिसते म्हणून दोघी-तिघी घरी जाऊन पूर्ण पान पुन्हा लिहून आणतात. त्यांना रागवू नये, पण मूळ पान फाडू देऊ नये.

गुणदानाबद्दल नियमांची चौकट तुम्हाला आयती मिळालेली आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासननिर्णय २०१० सालचा. त्यानुसार सहावीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता चालणाऱ्या मूल्यमापनाचा भार ५० टक्के, तर सातवी-आठवीला ४० टक्के आहे आणि उरलेला भाग संकलित, म्हणजे सत्राअखेरीच्या मूल्यमापनाचा. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही आकारिक साधने कागदावर सारखी दिसली, तरी विज्ञानाच्या शिक्षकाने प्रयोगाला झुकते माप द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. प्रकल्पाला सर्वांत कमी द्यावे, कारण स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला तयार ज्वालामुखी आणि वडिलांनी रात्री जागून बनवलेली पवनचक्की यांचे मूल्यमापन करून मुलाविषयी काहीच कळत नाही. मी पहिल्याच पालकसभेत सांगून टाकतो की प्रकल्पाचे साहित्य विकत आणायचे नाही. हळद, चुना, लिंबू, खाण्याचा सोडा, जास्वंदीच्या पाकळ्या एवढ्यावर आम्ल व आम्लारीचे निम्मे प्रकरण होते. हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत लाल होताना पाहिलेले मूल ‘दर्शक’ (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारा पदार्थ) हा शब्द पाठ न करताही विसरत नाही. आठवीच्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे ‘नापास करणार का?’ शिक्षण हक्क नियमांतील २०२३च्या बदलानंतर पाचवी आणि आठवीला वर्षाअखेरीची परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले असून अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षेची संधी मिळते. हे पालकांना शांतपणे सांगावे, मुलांना मात्र त्याची धमकी देऊ नये.

सुरक्षेचे नियम हा भाग असा आहे की तिथे तडजोड नाही, पण कारण सांगितल्याशिवाय नियमही नाही. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही, हे वाक्य पाठ करून घेण्याऐवजी संहत आम्लात पाण्याचा थेंब पडला की निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो जागीच उकळतो आणि आम्ल घेऊन अंगावर उडतो, हे समजावावे. संहत आम्लाची बाटली मुलांच्या हाती कधीच देऊ नये, विरल द्रावण आपणच आधी करून ठेवावे. स्पिरिटचा दिवा फुंकून विझवायचा नाही, टोपण घालून विझवायचा. तसेच पेटता दिवा तिरपा करून त्यावर दुसरा पेटवायचा नाही, कारण आतले स्पिरिट सांडून भडका उडतो. दिव्याने दिवा लावण्याचे सुभाषित प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवावे. परीक्षानळी तापवताना तिचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नसावे, वास हाताने हवा ओढून घ्यावा, मॅग्नेशियमच्या फितीची ज्योत थेट पाहू नये, विजेचे सर्व प्रयोग कोरड्या घटावरच (सेलवर) करावेत आणि भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला कोणीही हात लावू नये. ओढणी आणि मोकळ्या वेण्या बांधल्याशिवाय मी दिवा पेटवू देत नाही. पाऱ्याची तापमापी फुटली तर मुलांना दूर करून खिडक्या उघडाव्यात; तो चमकणारा गोळा हातात घेऊन खेळवण्याचा मोह आमच्या पिढीला झाला होता, आताच्या मुलांनाही होतोच. शक्य असेल तर लाल अल्कोहोलच्या तापमाप्या मागवाव्यात.

नियम मोडला तर काय, हा तुमच्या प्रश्नातला अवघड भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे आणि वर्गाबाहेर उभे करण्याने तर त्या मुलाचा प्रयोगच बुडतो. माझी पद्धत अशी आहे की ज्याने सुरक्षेचा नियम मोडला तो त्या दिवशी उपकरणाला हात लावत नाही, तो गटाचा नोंदलेखक होतो: तापमान किती, वेळ किती, कोणी वाचले, सर्व तोच लिहितो. वर्तनासाठी गुण कापत नाही, कारण तसे केले की गुणपत्रकावरचा आकडा विज्ञानाचा राहत नाही. एक गंमत अशी की काही मुले पुढे आपणहून नोंदलेखक होण्यास मागतात.

उशिरा आलेल्या वह्यांबाबत कडक राहून मला काही साधले नाही. आमच्याकडे साखर कारखाने सुरू झाले की काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि परततात तेव्हा उष्णतेचे प्रकरण संपलेले असते. अशांसाठी आणि आजारी मुलांसाठी महिन्यातला एक शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावरचा तासभर, मी राहिलेल्या प्रयोगांसाठी ठेवला आहे. प्रयोग केला की गुण पूर्ण, तारीख कोणतीही असो. घरी लिहायच्या स्वाध्यायाला मात्र एका आठवड्याची मुदत पुरे होते.

पहिल्या दिवशी यातले काहीही वाचून दाखवू नका, असे मी सुचवीन. सहा गट करा, प्रत्येकाला वितळत्या बर्फाची वाटी आणि एक तापमापी द्या, डोळा पाऱ्याच्या पातळीत आणून वाचायला सांगा आणि सहाही आकडे फळ्यावर लिहा. शून्य, एक, क्वचित दोनही येते. मग कोणाचे बरोबर हे न सांगता आकडे वेगळे का आले ते विचारा. कोणी म्हणेल तापमापी वाटीच्या तळाला टेकली होती, कोणी म्हणेल वरून वाचले, कोणी म्हणेल तापमापीच खराब आहे, आणि हे तिन्ही शक्य असते. एखादा गट दुसऱ्याचा आकडा पाहून आपला बदलू लागतो, तोच क्षण पकडून पहिला नियम सांगावा. बर्फ आदल्या दिवशीच सांगून ठेवावा आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून आणावा. नाहीतर दुसऱ्या तुकडीची तासिका येईपर्यंत त्याचे निम्मे पाणी झालेले असते.