त्याच रात्री, सगळ्यांसमोर

पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

परवा तू आलीस, दीड तास बसलीस, चहा गार केलास आणि दारात चपला घालता घालता खरं काय ते बोललीस. "काका, मला वाटतं मी एकटीच जावं. नाहीतर रद्दच करावं." त्याआधीचा दीड तास तू मला कन्याकुमारीचा नकाशा, गिअरचे दात आणि जर्सीचा रंग यांतच फिरवत होतीस. मी एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर होतो. आपला स्टॉप आल्यावरच तोंड उघडणारे प्रवासी मला नवीन नाहीत.

माण तालुक्यातल्या मुलींना शाळेत जायला सायकली द्यायच्या, त्यासाठी पाच जणांनी सातारा ते कन्याकुमारी सायकलने चौदाशे किलोमीटर मारायचे आणि लोकांकडे पैसे मागायचे, हे चांगलं की वाईट यावर मी शाई घालवणार नाही. मागायची लाज वाटते म्हणालीस, ती सोड. वसतिगृहातल्या पोरांची चूल विझू नये म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, तो हा जिल्हा. मी स्वतः कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलोय. आपण सगळे कुणीतरी कुणाकडे तरी मागितलेल्यावरच शिकलो.

तुझं दुखणं निराळंच आहे. देणगीचे पैसे एका मित्राच्या मोबाइलवर येतात, त्याच्याच खात्यात. त्याच खात्यातून तो पेट्रोल भरतो आणि पिक्चरची तिकिटंही काढतो. आजवर किती जमले ते बाकीच्या चौघांना नक्की ठाऊक नाही. आणि तू म्हणतेस, "विचारलं तर त्याला वाईट वाटेल."

त्या वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलोय. घाट आणि गुडघे नंतर बघू.

१९९३ च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या रात्री, किल्लारीला भूकंप झाला. तीस तारखेची पहाट. मी पाटण तालुक्यातला. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाच वर्षांचा होतो. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणात गोधड्या टाकून झोपलो होतो, तेवढं आठवतं, आणि आई रात्रभर घराकडे पाठ करून बसायची तेही आठवतं. किल्लारीची बातमी आली तेव्हा मला दुसरं काही सुचेना. जानेवारीत आम्ही पाच जण निघालो. साध्या बावीस इंची काळ्या सायकली, गिअर नाही, कॅरिअरला बांधलेल्या वळकट्या आणि माझ्या हँडलला अडकवलेला डालड्याचा डबा. झाकणाला फट पाडलेली. कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले, म्हसवड, पंढरपूर, सोलापूर, तुळजापूर. वाटेत प्रत्येक गावात थांबायचं, डबा वाजवायचा.

हिशेब माझ्याकडे. कंडक्टर म्हटल्यावर दुसऱ्या कुणाकडे असणार? वेबिल तुला माहीत नसेल. गाडी डेपोत लागली की कंडक्टर घरी जात नाही. तिकिटांचे पहिले-शेवटचे नंबर बघायचे, विकली किती ते काढायचं, रोकड मोजायची, आणि जमलं नाही तर फरक खिशातून भरायचा. बायकोचं बाळंतपण असो, गणपती असो, वेबिल त्याच रात्री. गोंदवल्याला मी तसंच केलं. डबा सतरंजीवर उपडा केला, पाच जणांनी नाणी लावली, आकडा मोठ्याने वाचला, वहीत घातला.

दुसऱ्या दिवशी पिलीवच्या पुढे एकाचा मागचा टायर उभा फाटला. आत चपलेचं कातडं घालून पंढरपूर गाठलं, तिथे नवा टायर, ट्यूब, सोल्युशन घेतलं. दुकान बंद होत होतं, घाईत पैसे डब्यातूनच दिले. पावती खिशात. रात्री धर्मशाळेत पाठ टेकली आणि मी म्हणालो, "आज राहू दे रे. उद्या दोन्ही दिवसांचं एकदम करू."

पंच्याऐंशी किलोमीटर झाले होते, थंडी मरणाची होती, बोटं उघडत नव्हती. माझ्या जागी कुणीही झोपला असता. हे मी गेली तीस वर्षं स्वतःला सांगतोय.

सोलापूरला डबा उपडा केला तर १८५ रुपये कमी. दुसऱ्यांदा मोजले, तरी तेवढेच. कुणी काही बोललं नाही. पण चौघांच्या नजरा ज्याच्याकडे गेल्या तो आमच्यातला सगळ्यात गरीब, सायकलच्या दुकानात हाताखाली काम करणारा. डबा दिवसा अधूनमधून त्याच्याजवळही असायचा. मी मोठेपणा केला. म्हणालो, "माझीच कुठेतरी चूक असेल," आणि खिशातले १८५ काढून डब्यात टाकले. शॉर्टेज भरायची सवय होती. मला वाटलं, विषय मिटला.

तुळजापूरला सकाळी तो म्हणाला, पोटात दुखतंय. सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि परत गेला. आम्ही चौघं किल्लारीला पोचलो, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या एका शाळेत पैसे दिले, फोटो काढला. तो फोटो तू परवा भिंतीवर बघितलास आणि "वा काका" म्हणालीस. त्यात चारच माणसं आहेत हे तुझ्या लक्षात आलं नाही.

पावसाळ्यात खाकी पँट धुवायला टाकताना चोरखिशात पावती सापडली. टायर, ट्यूब, सोल्युशन. १८५.

तशीच घेऊन त्याच्या दुकानात गेलो. तो एका चाकाची आउट, म्हणजे डगमग, काढत होता. स्पोकची चावी हातातून न ठेवता पावतीकडे बघितलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं. टायर मीच बसवला होता ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

कळतंय का तुला? विचारलं तर वाईट वाटेल म्हणून आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उत्तर होतं त्याच्याकडे. न विचारून आम्ही त्याला चोर ठरवला आणि वर माझे १८५ रुपये टाकून शिक्कामोर्तब केलं. खिशातून भरणं हा मोठेपणा नव्हता, तोंड उघडायचं टाळणं होतं. आजही त्या दिवसाची गोष्ट सांगताना मी "थंडी मरणाची होती" हे पहिलं सांगतो, बघ.

म्हणून एकच सांगतो, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच: डबा त्याच रात्री उपडा करायचा. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

तुमचा डबा मोबाइलमध्ये आहे, एवढाच फरक. आज रात्री पाचही जण बसा. त्या पोराला म्हण, खात्याचा उतारा उघड. रागावला तर रागावू दे, तासाभराने उतरेल. आणि उद्यापासून पैसे त्याच्याकडे नकोतच. ज्या संस्थेमार्फत सायकली देणार तिच्याच खात्यात थेट जाऊ देत. ती नोंदणीकृत असेल आणि तिच्याकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (८०जी) असेल तर देणाऱ्याला पावती मिळेल. रोख दोन हजारांच्या वर दिले तर करात ती सवलत मिळत नाही, हे दुकानदारांना आधीच सांगा, नंतर तोंड चुकवायला लागतं. तुमचं जेवण, मुक्काम, पंक्चर तुमच्या खिशातून. एखाद्याला खरंच परवडत नसेल तर बाकीच्या चौघांनी वाटून घ्या, आणि तेही त्याच रात्री, त्याच्यासमोर बोलून. देणाऱ्याने माणच्या पोरीसाठी पाचशे दिले आणि त्यातून हुबळीत डोसे खाल्ले, हे मला चालणार नाही. तुमच्यातल्या एकाला चालतं म्हणे. त्याला माझ्याकडे पाठव.

जर्सीवर नाव छापायचं म्हणून कुणी पंचवीस हजार देतोय, घ्यावे की नको, यावर तुम्ही आठवडा घालवलात. घ्या, नाहीतर घेऊ नका! त्या आठवड्यात दोनदा यवतेश्वर चढून कासला जाऊन आली असतीस.

डब्यात फक्त पैसे असतात असं समजू नकोस. २०११ मध्ये मी रजा काढून तुमच्याच रस्त्याने कन्याकुमारीला गेलो, आणखी चौघांबरोबर, सोळा दिवसांत. रोज रात्री जेवणाआधी (जेवल्यावर कुणी जागं राहत नाही) वही उघडायची आणि एकेकाने बोलायचं: आज पाणी किती प्यायलो, लघवी पिवळी झाली का, कुठे घासलं, कुठे दुखतंय, आणि कुणाचा राग आलाय. मला मागे "मुनीम" म्हणत. म्हणू देत. दावणगिरीत आमच्यातला एक आडदांड गडी, जो दिवसा काही कबूल करायचा नाही, हळूच म्हणाला की गुडघ्याच्या वाटीपाशी दोन दिवस दुखतंय. बघितलं तर सीट खाली सरकलेली. पेडल खाली असताना टाच त्यावर टेकवली तर पाय सरळ व्हायला हवा, त्याचा गुडघा वाकत होता. अंगठाभर सीट वर घेतली, दुसऱ्या दिवशी चित्रदुर्गापर्यंत साठच किलोमीटर मारले. तो पोचला. दिवसा त्याला कितीही विचारलं असतं तरी "काय नाय" म्हणाला असता.

तुमच्यातला जो सराव करत नाही त्याचंही हेच. त्याच्या पाठीमागे चौघं बोलताय, त्याला कुणी विचारलंय? एका शनिवारी सातारा-कराड-सातारा करा, शंभराच्या वर जातं, आणि रविवारी परत तेच. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवतंय का ते बघा. पहिल्या दिवशी कुणीही शंभर मारतो. रविवारी रात्री मग तो स्वतःच सांगेल, येतो की गाडी घेऊन मागून येतो. पाठीमागून गाडी आणणाराही लागतोच की.

बारा दिवस लिहिलेत तुम्ही. म्हणजे रोज एकशे सतरा, सुट्टी नाही. चौदा करा, दोन दिवस मोकळे. पहाटे साडेपाचला चाकं हलली पाहिजेत आणि दुपारी दोनला रस्ता सोडायचा. महामार्गाचं काम चालू असेल तिथे डायव्हर्जनची खडी टायर खाते, हवा सकाळ-संध्याकाळ बघा. निपाणीच्या पुढे तवंदी घाटात चढताना कुणी कुणाला ओढायचं नाही, ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचं आणि वर थांबायचं. उतारावर मात्र मी हात जोडतो. धर्मपुरीहून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. ट्रक तिथे ब्रेक फेल होऊन उलटतात. सायकलचा ब्रेक सतत दाबून धरला तरी रिम तापते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि दोघांत चांगलं अंतर. तिरुनेलवेलीच्या पुढे आरल्वायमोळीला पवनचक्क्या दिसतील. वारा आडवा आला तर हँडल घट्ट आवळू नका, सायकल जास्तच झुलते. येताना सायकली रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बुक करा, एक दिवस आधी जा, आणि पेडल काढून ठेवा. बाकी शिकाल.

आता एकटीने जायचं. जाऊ शकतेस. पाय तुझे बरे आहेत. पण तू एकटी जाणार आहेस ती रस्त्याच्या ओढीने नव्हे, एका मित्राला एक प्रश्न विचारायचा टाळायला. आणि एकटीने गेलीस तर रात्री वही कुणासमोर वाचणार? मीही किल्लारीनंतर सतरा वर्षं कुणाबरोबर लांबची सायकल मारली नाही. लोकांना सांगायचो, ड्युट्या जमत नाहीत.

आज रात्री बसा. उद्या नको. "उद्या दोन्ही दिवसांचं एकदम" हे वाक्य तोंडातून निघालं तर तिथेच जीभ चाव.

आणि निघण्याआधी पाचही सायकली त्याच्याकडे दाखवून घ्या. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, पत्ता पत्राच्या मागे लिहिलाय. चाकाची आउट त्याच्यासारखी साताऱ्यात कुणी काढत नाही. माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तर पैसे घेणार नाही, आणि मग ते तू वहीत कुठे लिहिशील?

तुझा,
काका