उसाचं पातं लागलं की बोट लाल होऊन सुजतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना नेमकं तिथेच उतरायचं कसं कळतं?

कोल्हापुरात ऊसतोडीच्या दिवसांत अशी बोटं घरोघरी दिसतात. खूण करतं ते रक्तवाहिनीचं आतलं अस्तर. जाडी एकाच पेशीची, पण तो नुसता पाइप नव्हे! जखमेजवळ हिस्टामिन हे रसायन सुटलं की अस्तराच्या पेशी आत साठवलेलं पी-सिलेक्टिन नावाचं चिकट प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. वाहून चाललेली पांढरी पेशी त्याला अडखळते, भिंतीवरून गडगडत हळू होते, स्वतःवरच्या इंटिग्रिन या प्रथिनाने घट्ट चिकटते आणि बहुतेक वेळा दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर सरकते. रक्तातलं पाणीही बाहेर झिरपतं, म्हणून सूज. काही मोजक्या बाळांत हे इंटिग्रिन जन्मतःच सदोष असतं. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, तरी जखमेत पू होत नाही. नाळ गळून पडायलाही याच पेशी लागतात, म्हणून तीन आठवड्यांनंतरही बाळाची नाळ पडली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.