कानातले रातकिडे

"म्याडम, मला याड लागलंय काय, एवढंच सांगा. बाकी काय नको."

अण्णा खुर्चीत नीट बसलेही नव्हते. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) वय ५९. इचलकरंजीत जवळजवळ तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा माणूस. वर्षापूर्वी काम सोडलं आणि मुलानं गावाबाहेर बांधलेल्या घरात राहायला गेले. शांत घर, मागे उसाचं रान. तिसऱ्या की चौथ्या रात्री रातकिडे फार ओरडतात म्हणून उठून त्यांनी खिडकी लावली. आवाज तेवढाच. दुसरी लावली. मग बायकोला उठवलं. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढचे सात महिने कानात लसणाचं तेल, कुणीतरी सांगितलेला काढा, एका मंदिराच्या वाऱ्या. एका पाहुण्यांनी सांगितलं, हा अनाहत नाद आहे, साधकांनाच ऐकू येतो म्हणतात तो आतला सूर, नशीबवान आहात. अण्णांना नशीब नको होतं, झोप हवी होती. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडदा चांगला, मळ नाही, श्रवणचाचणीत दोन्ही कानांचा आलेख उंच पट्टीच्या आवाजांना सारखाच खाली उतरलेला, म्हणजे ते आवाज कमी ऐकू येत होते. "याला औषध नाही, सवय करून घ्या," असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. सांगितलं ते खरंच होतं. पण सवय करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं.

वेडाचा प्रश्न मी आधी घेतला, कारण तो मनात असेपर्यंत माणूस पुढचं काही ऐकत नाही. आवाज शब्द बोलतो का? नाव घेतो, शिव्या देतो, हुकूम सोडतो? "न्हाई. नुसतं कुंईऽऽ." मग तो मनोविकाराचा भास नाही. याला कर्णनाद म्हणतात, इंग्रजीत टिनिटस. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, घरघर असं काही ना काही सांगितलं. खोलीत काहीच वाजत नव्हतं. अण्णांनी बायकोकडे बघितलं. "म्हंजे हिलाबी येईल?" पूर्ण शांततेत बसवलं तर बहुतेक येईल, म्हटलं.

अजून एक विचारायचं होतं. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला मी ते सरळच विचारते: जगणं नको वाटतं का? ते गप्प राहिले, मग म्हणाले, दोनदा वाटलं होतं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. बायकोला हे पहिल्यांदाच कळत होतं. असं वाटलं तर रात्री कुणाला उठवायचं, कुणाला फोन करायचा, हे ठरवूनच ते घरी गेले.

आता हा आवाज येतो कुठून? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात साधारण १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांचे बारीक केस हलतात आणि त्या हलण्याचा विजेचा संकेत होऊन मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. शंखाच्या तोंडाशी उंच आवाजांच्या पेशी, आत टोकाला खर्जाच्या. धोट्याच्या (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा मागाचा भाग) मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आठ तासांसाठी आपल्या कायद्यातली मर्यादा ९० आहे. अशा गोंगाटात आधी मार बसतो तो उंच आवाजांच्या पेशींना. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. (हे ऐकून अण्णा म्हणाले, "कोंबडीला काय करायच्यात?" मलाही उत्तर सुचलं नाही.)

पेशी गेल्या तरी मेंदूतला त्यांचा भाग जागाच असतो. संकेत येईनात तशी तो आपली संवेदनशीलता वाढवत नेतो. सांगली आकाशवाणी नीट लागत नसली की आपण आवाज वाढवतो, आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी होते, तसं काहीसं. म्हणून अण्णांचा आवाज उंच पट्टीतला होता, जिथलं ऐकणं गेलं त्याच पट्टीतला. शेडमध्ये असतानाही तो असणार. मागांच्या खडखडाटात तो ऐकू येणार कसा?

इथवर ठीक होतं. पुढे मी चूक केली. झोप नाही, छाती धडधडते, म्हणून त्यांना शांत खोलीत डोळे मिटून श्वासावर लक्ष द्यायला शिकवलं. आठवड्यानं आले ते वैतागून. "डोळं मिटलं की तेच बोंबलतंय." बरोबरच होतं. मी त्यांना शांततेत नेऊन त्या आवाजासमोरच बसवलं होतं.

वाट सापडली ती त्यांच्याच कामात. सहज विचारलं, चाळीस माग चालू असताना एक बिघडलेला कळायचा कसा? चेहरा खुलला. "आवं, खटका बदलतो की! पलीकडच्या टोकाचा धोटा जरा अडकला तरी हितनं कळायचं." आणि बाकीचे एकोणचाळीस? "त्येंचं काय ऐकायचं?" दुपारी सुट्टीत तिथेच पोत्यावर आडवे व्हायचे, झोप लागायची. जाग यायची ती लाईट जाऊन माग थांबले की.

म्हटलं, अण्णा, हेच तर आहे. कान सगळं आत घेतो, पण कशाची दखल घ्यायची ते मेंदू ठरवतो. बिनधोक, रोजचं म्हणून नोंदलेलं तो वगळतो, बिघाड म्हणून नोंदलेलं शोधून काढतो. पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकानं १९९० मध्ये कर्णनादाबद्दल मांडलं ते साधारण असंच: त्रास किती होणार हे कानापेक्षा मेंदूतली भीतीची यंत्रणा त्या आवाजाला काय समजते यावर ठरतं. धोका समजली की ती स्वायत्त चेतासंस्थेला, म्हणजे काळजाचे ठोके, श्वास आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेला, जागं करते. काळीज धडधडतं, झोप उडते, कान टवकारतात. टवकारलेल्या कानाला आवाज अजून ठळक लागतो. तुम्ही तीस वर्षं बिघाड ऐकायला तयार केलेला कान आता स्वतःच्याच डोक्यात बिघाड शोधत बसलाय.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे जॉबर अजून ड्युटीवर हाय."

त्यानंतर काम सोपं झालं असं नाही, पण कशावर करायचं ते आम्हा दोघांना कळलं. रोज सकाळी कानात बोटं घालून 'आज किती आहे' बघायची त्यांची सवय बंद केली. बोटं घातली की बाहेरचं बंद होतं आणि आतलं वाढल्यासारखं वाटतं. बायकोनं "आज कसं हाय?" विचारायचं नाही. हे तिला फार जड गेलं, तिच्या मायेचा तोच एक प्रश्न होता. रात्री पंखा किंवा रेडिओ, पण कर्णनाद पूर्ण बुडेल एवढा मोठा नाही, त्याच्यापेक्षा किंचित खालीच. दोन्ही एकत्र ऐकू आले पाहिजेत, नाहीतर मेंदूला सवय होणार कशाची? झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसायचं. 'आता आयुष्यभर झोप नाही' हा विचार आला की तो वहीत लिहायचा आणि खाली मागच्या आठवड्यात प्रत्यक्षात किती तास झोपलो ते लिहायचं. वही पहिले पंधरा दिवस कोरीच आली.

कानाच्या मशीनला मात्र दोन महिने नकार. "मशीन लावलं की म्हातारा." ऐकणं कमी झालेल्यांना मशीनचा कर्णनादातही बऱ्याचदा उपयोग होतो, बाहेरचे आवाज आत आले की मेंदूला खरखर वाढवायची गरज उरत नाही. शेवटी ते तयार झाले ते नातीसाठी. तिच्या बोबड्या बोलण्यातले स, श, फ त्यांना कळत नव्हते आणि ती रुसायची.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर असेल, तर ते तपासून घ्यायलाच हवं. आणि एक कान अचानक ऐकेनासा झाला तर त्याच दिवशी जावं. तिथे दिवस घालवले तर गेलेलं ऐकणं परत मिळायची संधी कमी होते.

पाचव्या महिन्यात अण्णा एकटेच आले, मोटारसायकलवरून, नातीचं कौतुक सांगत. पाऊण तास गेला. निघताना माझ्याच तोंडून निघून गेलं, "आणि आवाज?"

ते दारात थांबले, मान तिरपी केली, जरा वेळ ऐकलं.

"हाय की. पर इचारायचं न्हाई असं तुम्हीच सांगितलंय न्हवं?"