लॉग काय सांगतो आणि किती सांगतो

प्रश्न : आम्ही गोपनीयता जपणारा एक छोटा प्रॉक्सी (ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामधला मध्यस्थ प्रोग्रॅम) लिहीत आहोत. संकेतस्थळ उघडले नाही की त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, ‘सर्व्हरशी जोडणी झाली नाही’ एवढीच ओळ उमटते. ती वाचून आम्ही दोन दिवस सर्व्हर तपासत बसलो. विनंती प्रत्यक्षात वाटेतल्या सॉक्स प्रॉक्सीने (सॉक्स नावाच्या नियमांनुसार जोडणी पुढे नेणाऱ्या दुसऱ्या मध्यस्थाने) नाकारली होती. संदेश अचूक करायचे तर तपशील वाढवावे लागतील, आणि तपशील वाढले की वापरणाऱ्याची माहिती लॉगमध्ये उतरेल. काय करावे?

उत्तर : अचूकता आणि तपशील यांना आपण एकच समजत आहात, असे दिसते. आपल्या प्रोग्रॅमने जे पाहिलेच नव्हते ते त्या ओळीने ठामपणे सांगितले, म्हणून ती चुकली. मध्ये सॉक्स प्रॉक्सी असताना आपला प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरशी थेट बोलत नाही, त्याला फक्त सॉक्स प्रॉक्सीचे उत्तर मिळते. तेव्हा संदेशातही ‘सॉक्स प्रॉक्सीने असे कळवले’ एवढेच यावे. सॉक्स ५ चे, म्हणजे सॉक्सच्या पाचव्या आवृत्तीचे, वर्णन करणाऱ्या १९९६ च्या आरएफसी १९२८ या इंटरनेट-दस्तऐवजात या उत्तरांचे संकेतांक ठरलेले आहेत : २ म्हणजे नियमांनुसार मनाई, ३ म्हणजे नेटवर्कपर्यंत पोहोचता न येणे, ४ म्हणजे होस्टपर्यंत (दूरच्या यंत्रापर्यंत) पोहोचता न येणे, ५ म्हणजे जोडणी नाकारली जाणे. यांतला कोणताही संकेतांक लिहिताना वापरणारा कोठे जात होता हे लिहावे लागत नाही. सॉक्स ४ मात्र ‘नाकारली किंवा फसली’ असे मोघमच कळवतो, आणि तेथे लॉगही तितकाच मोघम ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे.

प्रोग्रॅम सी भाषेत असेल तर आणखी एक जुनी खोड तपासा. जोडणी फसल्यावर आधी सॉकेट (जोडणीचे आपल्याकडचे टोक) बंद करून मग एरनोचा (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या चलाचा) अर्थ छापला, तर मधल्या कॉलने एरनो बदललेला असू शकतो आणि लॉगमध्ये भलतेच कारण येते. म्हणून त्याचे मूल्य लगेच वेगळ्या चलात ठेवावे. एचटीटीपीएसच्या (कूटबद्ध वेब-जोडणीच्या) कनेक्ट, म्हणजे जोडणी उघडून देण्याच्या, विनंतीत प्रॉक्सीला होस्ट आणि पोर्ट एवढेच दिसतात, त्यामुळे ‘पान मिळाले’ असे तेथे कधीही लिहू नये.

पत्ते लपवण्यासाठी टॉर या निनावी जोडणीच्या प्रोग्रॅमची पद्धत पाहण्यासारखी आहे : त्यात सेफलॉगिंग ही सोय मुळातच चालू असते आणि संवेदनशील पत्त्याच्या जागी तो पुसल्याची खूण येते. प्रिव्हॉक्सी हा गोपनीयता जपणारा वेब-प्रॉक्सी मुळात फक्त प्रोग्रॅम बंद पाडणाऱ्या चुका नोंदवतो. बाकीच्या नोंदी वापरणाऱ्याने स्वतः चालू करायच्या असतात. मला ही दुसरी सवय अधिक पसंत आहे, कारण जे लिहिलेच नाही ते पुसायचे राहून जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

बदलानंतर सॉक्स प्रॉक्सी मुद्दाम बंद ठेवून, मग त्याच्याकडून मनाई करवून, दोन्ही वेळच्या ओळी वेगळ्या येतात का ते पाहा. जुन्या संदेशाचा मजकूर शोधणाऱ्या चाचण्या आता अडतील, त्याही सोबतच सुधाराव्यात.