आधी घटकाचं काम ओळखा, मग त्याला हात लावा

तुमचा प्रश्न असा की, नवी पाककृती पहिल्यांदा करताना ती जशीच्या तशी करावी की आपल्या सोयीने बदलून? सोबत तुमच्या केकची हकीकतही दिलीत. साखर निम्मी केली, लोण्याऐवजी तेवढंच तेल घातलं, २० सेंमीचं गोल भांडं नव्हतं म्हणून २३ सेंमीचं घेतलं, आणि केक चपटा, कोरडा, वरून फिकट निघाला. शेवटी लिहिलंत, 'माझ्या हाताला चवच नसावी.' ते वाचून राहवेना, म्हणून सविस्तर लिहायला बसले. तुमच्या हाताचा यात काडीचा दोष नाही. तीन बदल एकदम झाले आणि तिन्हींनी केक एकाच बाजूला ओढला. केकवर शेवटी येते, कारण आधीचं थोडं सांगितल्याशिवाय ते नीट उलगडणार नाही.

पंचवीस वर्षं रोजचा स्वयंपाक करतेय आणि महिन्याला दोन-तीन तरी नवे पदार्थ करून बघते. माझा नियम एकच आहे. पहिल्या खेपेला काही बदलायचं नाही. पाककृती लिहिणारा फार मोठा असतो म्हणून नव्हे, तर मूळ चव जिभेला ठाऊक नसेल तर आपण काय बदललं आणि त्याने काय झालं हे कळायला मार्गच उरत नाही. कुणाला एखादा घटक सोसत नसेल तर तो वगळायचा, तिखट घरच्या बेताने घालायचं, बाकी सगळं लिहिल्याबरहुकूम. दुसऱ्या खेपेला एक बदल. तिसऱ्या खेपेला आणखी एक. हे हळू वाटतं खरं, पण चौथ्या खेपेला तो पदार्थ आपला झालेला असतो आणि मग वहीत बघावं लागत नाही.

पण 'जशीच्या तशी' करणंही सोपं नसतं, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. माप घ्या. 'एक कप' म्हणजे किती? अमेरिकी पाककृतीत साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियातल्या पाककृतीत २५०, जपानी पाककृतीत २००. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात मात्र २० मिलीचा. हे माहीत नसताना सुरुवातीची काही वर्षं माझा ब्रेड विटेसारखा व्हायचा. यीस्ट बदलून पाहिलं, मळण्याची वेळ वाढवून पाहिली, फरक शून्य. शेवटी वजनकाटा आणला आणि एकच कप मैद्याने पुन्हा पुन्हा भरून तोलला. चमच्याने हलकेच भुरभुरत भरून वरून सुरी फिरवली की १२० ते १२५ ग्रॅम भरत होता. तोच कप पिशवीत खुपसून भरला की थेट १५०. म्हणजे तीन कपांत ७५ ग्रॅम मैदा जादा! पाणी दोन्ही वेळा २५० मिलीच. पहिल्या कणकेत मैद्याच्या ६७ टक्के पाणी, दुसरीत जेमतेम ५६. कणीक घट्ट होणारच, ब्रेड फुगायचा कसा? त्या दिवसापासून भट्टीतलं काहीही करायचं तर आधी काटा ओट्यावर येतो. तुम्ही एकच वस्तू विकत घेणार असाल तर ती हीच घ्या.

मिठाचंही तसंच. बारीक मीठ सपाट लहान चमचाभर घेतलं तर सुमारे ६ ग्रॅम भरतं, पापुद्र्यांचं किंवा जाडं मीठ त्याच चमच्यात निम्मंसुद्धा भरू शकतं. ब्रेडला मैद्याच्या वजनाच्या २ टक्के मीठ, सूप किंवा रस्सा असेल तर एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या जरा खाली. हे दोन आकडे मला तोंडपाठ आहेत आणि नवख्या पाककृतीतलं मीठ मी आधी त्यांच्याशी ताडून बघते.

आता वेळ. छापील वेळेवर माझा फारसा विश्वास नाही, आणि कांद्याने तो घालवला. 'कांदा ५ मिनिटं परतून गडद तपकिरी करा' असं शेकडो ठिकाणी लिहिलेलं असतं. पाच मिनिटांत कांदा जेमतेम पारदर्शक होतो. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि ते असेपर्यंत पातेल्यातली उष्णता १०० अंशांच्या फार वर जात नाही. खरपूस रंग आणि वास देणारी क्रिया जोमाने सुरू होते ती १४० अंशांच्या आसपास. (लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.) म्हणजे पाणी उडायला वेळ द्यावाच लागतो.

एकदा कांद्याजवळ उभं राहून नुसता कान द्या. सुरुवातीला ओला, जोराचा चरचराट असतो आणि वाफ तोंडावर येते. मग आवाज बसतो, ढीग निम्म्याहून कमी होतो, कांदा चमच्याला चिकटायला लागतो. त्यानंतर बारीक तडतड सुरू होते आणि कडा रंगतात. याच वेळी बुडाशी तपकिरी थर धरतो. तो करपू द्यायचा नाही, चमचाभर पाणी शिंपडून खरवडून कांद्यातच मिसळायचा, सगळी चव त्या थरात असते. मंद ते मध्यम आचेवर चार मोठे कांदे असे गडद व्हायला मला ४० ते ४५ मिनिटं लागतात. चिमूटभर सोडा घातला तर काम लवकर होतं, पण कांद्याचा लगदा होतो. सूपला चालतो, जिथे कांद्याचे धागे दिसायला हवेत तिथे नाही. म्हणून पाककृतीत वेळ लिहिलेली असली तरी मी शेजारी खूण लिहून ठेवते: आवाज बसेपर्यंत, तेल कडेला दिसेपर्यंत, चमचा ओढल्यावर वाट उरेपर्यंत. आच, पातेल्याचं बूड, कांद्याचा ओलेपणा घराघरांत वेगळा असतो, पण खूण बदलत नाही.

क्रमालाही मी घटकच मानते, आणि हे राजम्याने शिकवलं. पाककृतीत लिहिलं होतं, राजमा आधी मऊ शिजवून घ्या, मग टोमॅटोच्या रस्यात घाला. मला वाटलं, दोन भांडी कशाला? रात्रभर भिजवलेला राजमा, टोमॅटो, कांदा, सगळं एकाच पातेल्यात चढवलं. अडीच तास झाले तरी दाणे टणकच. पाहुणे येऊन बसलेले आणि मी दर दहा मिनिटांनी दाणा चेपून बघतेय, तो बोटाखालून सटकतोय. राजमा जुना असेल म्हणून सोडून दिलं असतं, पण त्याच पिशवीतला राजमा पुढच्या आठवड्यात नुसत्या पाण्यात तासाभरात लोण्यासारखा शिजला. कारण नंतर कळलं. दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून टोमॅटो आधी पडला की दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. पाण्यात कॅल्शियम जास्त असलं तरी तेच होतं. ही चूक मला पुढे फार उपयोगी पडली. सॅलडसाठी दाणे अख्खे राहायला हवे असतात तेव्हा ते मऊ होताक्षणी मी पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालते. मग आणखी शिजले तरी फुटत नाहीत.

राजम्यावरूनच एक गंभीर गोष्ट. काही जागा अशा असतात जिथे प्रयोग करायचाच नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. तो निदान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायलाच हवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो सरळ टाकला तर उष्णता पुरेशी चढत नाही आणि विष तसंच राहतं. बरणीत भरून महिनोन्महिने बाहेर ठेवायच्या पदार्थांचंही तेच. त्यातलं व्हिनेगर किंवा लिंबू 'आंबट फार होतंय' म्हणून कमी करू नका. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचा आकडा; जितका आंबट पदार्थ तितका तो कमी) ४.६ च्या खाली राहावा म्हणून ते प्रमाण दिलेलं असतं, त्याच्या वर गेला की बंद बरणीत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही बाहेर ठेवू नका. इथे मी अक्षरशः ग्रॅमभरही हलत नाही.

बाकी सगळीकडे मात्र मोकळेपणाने बदला, फक्त बदलण्याआधी स्वतःला विचारा, हा घटक इथे कशासाठी आहे? एकदा मी दह्याऐवजी दूध घालून सोड्याचे पॅनकेक केले. रंग भलताच गडद, चव साबणासारखी. दही तिथे आंबटपणासाठी होतं, सोड्याला फुलवायला आम्ल लागतं, दुधात ते पुरेसं नसतं. तेव्हाच एक कप दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवलं असतं तरी भागलं असतं. सोड्याच्या जागी बेकिंग पावडर वापरायची तर तिच्यात आम्ल आधीच असतं, पण ती तिपटीच्या आसपास लागते. रस्यात मलईऐवजी दही घालायचं तर अडचण वेगळी: दही तापलं की फाटतं. ते चमचाभर पिठात फेटून, आच कमी करून, शेवटी घालायचं.

प्रमाण दुप्पट करताना हिशेब सरळ दुणेचा नसतो. पातेल्याचं तोंड तेवढंच राहिलं तर वाफ दुप्पट वेगाने उडत नाही, म्हणून मी पातळ पदार्थात पाणी दुपटीपेक्षा थोडं कमी घालते. मीठ-मसाले आधी दीडपट, मग चाखून. मशरूम किंवा बटाट्याचे काप दुप्पट असतील तर दोन घाण्यांत परता, नाहीतर ते परतले न जाता वाफेवर शिजतात. निम्मं करताना अर्धं अंडं लागलं तर अंडं फेटून २५ ग्रॅम मोजून घ्या.

आणि घरच्यांना 'कसं झालंय?' असं विचारू नका. उत्तर 'छान' येतं, त्यातून काही हाती लागत नाही. मी विचारते, 'मीठ कमी की जास्त? आंबट अजून हवं होतं का? पहिला घास जास्त आवडला की शेवटचा?' शेवटच्या घासाला कंटाळा आला असेल तर पदार्थ बहुधा फार तेलकट किंवा गोड झालेला असतो, लिंबू पिळलं की सावरतो. ही उत्तरं त्याच रात्री वहीत जातात. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'साखर १५० ऐवजी १२५. रंग ठीक. दुसऱ्या दिवशी जरा कोरडा. पुन्हा १५०ला जायचं नाही, ५ मिनिटं आधी काढून बघायचं.' याहून जास्त लिहायची गरज नसते.

आता तुमचा केक. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ राखते आणि वरचा रंग आणते. ती निम्मी झाली म्हणून केक कोरडा आणि फिकट. लोणी आणि साखर फेसताना साखरेचे खडे लोण्यात हवेच्या बारीक जागा करतात, पुढे त्याच फुगतात. तेलात हवा तशी धरली जात नाही, म्हणून केक चपटा. तेलाने केक कोरडा होत नाही, उलट मऊच राहतो, पण पाककृती फेसलेल्या लोण्यावर बेतलेली होती. शिवाय लोण्यात सुमारे ८० टक्केच स्निग्धांश असतो, त्यामुळे १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि थोडं दूध पुरतं. आणि भांडं! २० सेंमीच्या गोल भांड्याचं क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी, २३ सेंमीच्याचं ४१५. मिश्रणाचा थर जवळजवळ पाव भागाने पातळ झाला आणि तुम्ही तो पुऱ्या वेळेपर्यंत भाजलात.

पुढच्या खेपेला साखर, लोणी लिहिल्याप्रमाणे ठेवा. २३ चंच भांडं असेल तर सगळं सव्वापट ते १.३ पट घ्या. ओव्हनमध्ये पंखा असेल आणि पाककृती बिनपंख्याच्या ओव्हनची असेल तर २० अंश कमी ठेवा. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून काडी टोचून बघा, काडीला ओलं मिश्रण नको, चार कण चिकटले तर चालतील. त्यानंतरच्या खेपेला साखर १५ टक्के कमी, पटली तर पुढे पाव भागापर्यंत. तेलाचा केक हवाच असेल तर मुळात तेलावर बेतलेली पाककृती घ्या, ते सर्वात सोपं.

केक पूर्ण निवल्यावर मधला तुकडा आणि कडेचा तुकडा वेगवेगळा चाखा. मध्य मऊ आणि कडा कोरड्या असतील तर आच जास्त होतेय, दोन्ही कोरडे असतील तर वेळ. दोन्हींपैकी काय निघालं आणि मैदा किती ग्रॅम घेतला होता, तेवढं मला कळवा.