जीएनएम पहिलं वर्ष: रक्ताभिसरण पाठ होत नाही, काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, पहिलं वर्ष. अनॅटमीचं पुस्तक उघडलं की नावांनीच दमायला होतं. हृदयाची आकृती घोटून घोटून काढली, तरी तोंडी परीक्षेत मॅडमनी जरा उलटा प्रश्न विचारला की ततपप. सीनियर मुली म्हणतात, पाठांतराशिवाय इलाज नाही. शेवटी किडनीचंही विचारलं आहेस. मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते. बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते, नंतर ट्यूटर झाले, तेव्हा ही ततपप चांगली ओळखीची आहे.

सीनियर म्हणतात ते अर्धं खरं आहे. हाडांची नावं, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या (क्रेनियल नर्व्ह) हे घोकावंच लागतं, तिथे वाद नको. रक्ताभिसरणाचं तसं नाही. तिथे रक्ताच्या मागोमाग जायचं आणि दर टप्प्यावर विचारायचं, ‘आता पुढे कुठे?’

सुरुवात हाताच्या शिरेपासून कर, कारण सलाईन तिथेच लागतं. हातातलं रक्त वरच्या महाशिरेतून उजव्या अलिंदात (हृदयाचा वरचा कप्पा), तिथून उजव्या निलयात (खालचा कप्पा), मग फुफ्फुस धमनीतून फुफ्फुसात. तिथे ऑक्सिजन घेतला की चार फुफ्फुस शिरांमधून डाव्या अलिंदात, डाव्या निलयात आणि महाधमनीतून सगळ्या अंगाला. धमनी म्हणजे शुद्ध रक्त, ही शाळेतली व्याख्या आता सोडून दे. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. मग फुफ्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त कसं, हा प्रश्नच उरत नाही.

आता उलटे प्रश्न बघ. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आणि सुटली, तर ती कुठे अडकेल? पायापासून हृदयापर्यंत शिरा रुंदच होत जातात, उजव्या बाजूतूनही ती निघून जाते. रस्ता पहिल्यांदा अरुंद होतो तो फुफ्फुसात. म्हणून सहसा तिथेच अडकते आणि पेशंटला एकाएकी धाप लागते. गुठळी डाव्या अलिंदात झाली तर? पुढे महाधमनी, आणि तिच्या पहिल्या काही फाट्यांतून मेंदूकडे वाट जाते. म्हणजे लकवा. डावा निलय थकला, तर रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, पेशंटला आडवं झोपवत नाही, उशा लावून बसून राहतो. उजवा थकला, तर मानेच्या शिरा फुगतात, पावलं सुजतात. यातलं काहीही पाठ करावं लागलं का?

भिंतींच्या जाडीचंही तसंच. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असते. उजव्याला पाणी शेजारच्या घरात द्यायचंय, डाव्याला टेकडीवरच्या वाडीला. फुफ्फुस धमनीतला दाब साधारण २५/१०, हातावर आपण मोजतो तो १२०/८०. एका ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके धर आणि गुणाकार कर: पाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच. म्हणजे स्वस्थ बसलेली असतानाही मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं.

रक्त असं फिरतं हे विल्यम हार्वेने १६२८ साली पुस्तक छापून मांडलं. त्यातला एक प्रयोग होस्टेलच्या खोलीत करता येतो. ठळक शिरा असलेली मैत्रीण बसव. दंडावर ओढणी बांध, पण मनगटाची नाडी लागत राहील इतपतच. शिरा फुगतील आणि मधे मधे गाठीसारखे उंचवटे दिसतील. त्या झडपा. आता मनगटाच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने तिथपासून कोपराच्या दिशेने, पुढच्या गाठीपलीकडे रक्त सारून दे. मधला तुकडा सपाट होईल आणि सपाटच राहील, वरचं रक्त खाली उतरणार नाही. खालचं बोट उचल, क्षणात भरेल. दिशा डोळ्यांनी दिसली की विसरायला होत नाही.

रक्त काढताना आपण पट्टा बांधतो तो याच तत्त्वावर: शीर दबावी, धमनी दबू नये. नाडीच गेली इतका आवळलास तर हातात नवीन रक्तच येणार नाही, शीर फुगणार कशी? आणि पट्टा मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये, रिपोर्टमध्ये फरक पडतो.

बीपीच्या कफचं काम उलटं, तिथे धमनीच दाबायची असते. कोपराच्या खळगीत बायसेप्सचा दोर हाताला लागतो, त्याच्या आतल्या बाजूला ब्रेकियल धमनीचे ठोके सापडतात. स्टेथो तिथेच ठेवायचा. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगव, नाडी बंद पडेल तिथून आणखी ३० वर ने, मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने सोड. पहिला टक् म्हणजे सिस्टोलिक (वरचा आकडा), आवाज थांबला ते डायस्टोलिक (खालचा आकडा). जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं जास्त दाखवतं. वॉर्डात एकच कफ सगळ्यांना फिरतो तेव्हा हे ध्यानात ठेव, नाहीतर धडधाकट बाईच्या कागदावर ब्लडप्रेशरचा शिक्का बसतो.

एक अपवाद मात्र नीट बघून घे. आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतातून गाळून येतं. म्हणून छातीत दुखल्यावर द्यायची नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात. गिळली तर बराचसा भाग यकृतातच संपतो.

परीक्षेत आकृती काढताना आधी फक्त बाण काढ, नावं नंतर. फुफ्फुस धमनी निळी आणि फुफ्फुस शिरा लाल रंगवायला विसरू नकोस, मार्क तिथेच जातात.

किडनीचा वेगळा धागा काढ, इथे मावणार नाही. तोवर एवढंच घेऊन बस: दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं कुठे परत गेलं, ते नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या गाळणाऱ्या बारीक नळीच्या, आकृतीवर बोट फिरवत शोध.